एका दमात तीस

झालं तुझ्या मनासारखं, रत्ना. कानात मशीन घालून बसलोय. एका नाही, दोन्ही कानांत. सहा वर्षं डोकं खाल्लंस माझं यासाठी, आणि मी घातलं कधी, तर तू जाऊन दहा दिवस झाल्यावर. तुझी लेक पूनम काल मला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. घरी येऊन खाटेवर टेकलो तर डोक्यावर काहीतरी कण्हत होतं. वर बघतो तर पंखा! आपला पंखा एवढा कुरकुरतो? तू इतकी वर्षं त्याच्याखाली झोपलीस आणि एका शब्दाने बोलली नाहीस? की बोलली होतीस, आणि मी नेहमीसारखं "हां, हां" केलं?

आता सगळं ऐकू येतं. नळ, कुकर, खालच्या गल्लीतला भंगारवाला. लोक दारावर येऊन बसतात, बायका कुजबुजतात, तेही ऐकू येतं. "दवाखान्यात नेलं त्या सकाळी चांगली बोलत होती म्हणे," तुझी अमळनेरची मावसबहीण कोणाला तरी सांगत होती. हो ना, सकाळी तू चांगलीच असायचीस. तिथेच तर आपण फसलो.

उद्या बारावा दिवस, तुझी गंधमुक्ती. सगळे मला समजावतात, नशिबात होतं, आजारच असा विरळा, कोणाचा दोष नाही. मी मान हलवतो. पण माझ्या फोनमध्ये तुझा एक व्हिडिओ आहे. तो मी शंभरदा पाहिलाय, ऐकलेला मात्र नाही. त्यात तू एका दमात एक ते तीस आकडे म्हणतेस. त्यात खरं काय आहे ते पूनमने मला सांगितलंय. पण मला माझ्या कानांनी ऐकायचंय, मशीन त्यासाठीच घेतलं, खोटं कशाला बोलू. आणि आता मशीन आलं तर फोन कालपासून उलटा घालून ठेवलाय. तुला हे लिहीत बसलोय ते त्याच भीतीपोटी.

शिवाय कागदावर आवाज चढत नाही. तुम्ही बोलता म्हणजे भांडता, असं तूच म्हणायचीस ना.

तुझी डावी पापणी पहिल्यांदा खाली आली तेव्हा मी काय म्हणालो होतो, आठवतं? "या वयात डोळा मारतेस का गं?" लाटणं फेकून मारलं होतंस. मग तुला एकाचे दोन दिसायला लागले. तू घरी साड्यांना स्टोन चिकटवायचीस, ते फुलाच्या पाकळीवर बसायचे सोडून शेजारीच बसायला लागले, आणि गठ्ठाच्या गठ्ठा परत आला. तेव्हा कुठे आपण रिंग रोडच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. मायस्थेनिया. नाव पाठ करायलाच मला आठवडा लागला. बाईंनी सोपं करून सांगितलं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. विसावा मिळाला की स्नायू चालतात, वापरले की थकतात. म्हणून सकाळी माणूस ठणठणीत आणि संध्याकाळी पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा.

आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. मी ती डायरीत लिहून घेतली, अक्षर माझंच आहे, आज पुन्हा काढून वाचलं. गोळीचा असर लवकर उतरायला लागला, आवाज नाकात जायला लागला, घास चावताना जबडा थकला, मान धरवेना, एका दमात वीसपर्यंत आकडे म्हणता येईनात, तर आपल्या मनाने गोळ्या वाढवायच्या नाहीत. लगेच येऊन सांगायचं, कारण तेव्हा उपचार बदलावे लागतात. "मला तुम्ही महिन्यातून दहा मिनिटं दिसता," बाई म्हणाल्या होत्या, "बाकीचं घरच्यांनीच ओळखायचं."

घरचा म्हणजे मी!

आणि आपण काय करायचो? तपासणीला सकाळचा पहिला नंबर. सात वाजता जाऊन मी दवाखान्याच्या दारात उभा. तू सहाची गोळी घेऊन, अंघोळ करून, ती अबोली रंगाची साडी नेसून हजर, जणू लग्नाला निघालीयस. बाई म्हणत हात वर धरा, तू धरायचीस. छताकडे बघत राहा, तू बघायचीस. एका दमात आकडे म्हणा, तर बत्तीस, तेहतीस. "छान!" बाई म्हणत, आणि तू माझ्याकडे बघायचीस, पूनम शाळेतून बक्षीस घेऊन यायची तेव्हा बघायची तशी. काही त्रास? तू म्हणायचीस नाही. मी म्हणायचो, छे, एकदम मस्त. डॉक्टरसमोर चांगलं दिसायचं असतं हे आपल्याला कोणी शिकवलं, रत्ना? संध्याकाळी सहाचा नंबर एकदा, फक्त एकदा लावला असता.

तुला उपचार बदलायला का नको होते ते मला माहीत होतं. सुरुवातीच्या औषधाने तुझा चेहरा टम्म फुगला आणि नेमकं तेव्हाच पूनमचं लग्न आलं. तो अल्बम तू कपाटात साड्यांच्या तळाशी घातलास. कोणी काढलाच तर विचारायचीस, "ही बाई कोण शे?" आणि एकदा भरती होतीस तेव्हा शेजारच्या खाटेवर ती बाई होती, तोंडात नळी घातलेली, श्वासाच्या मशीनवर. एक दिवस खाट रिकामी. तू नर्सला विचारलंस, कुठे गेल्या? नर्स नुसती चादर सरळ करत राहिली. घरी आल्यावर तू मला शपथ घातलीस, काही झालं तरी त्या मशीनवर नको. मी हो म्हणालो. तिथेच आपण अडकलो. त्रास सांगावा तर भरती, नाही सांगावा तर आहे त्या गोळ्या. सहा, दहा, दोन, सहा, दहा. त्या आकड्यांच्या बाहेर आपल्याला कुठे जाताच येईना. कोणाचं बारसं नाही, लग्न नाही, गावी भाऊबंदांकडे जाणं नाही. चार वर्षं आपण दोघं त्या एका खोलीत गोळीची वाट बघत बसलो.

आणि मी तरी कुठे शहाणा! तीस वर्षं लूम दुरुस्त करतोय, आणि हाताखालच्यांना माझा एकच दम: चालत्या लूमला हात लावायचा नाही. चालतंय ना? चालू दे.

लोकांना वाटेल, नवऱ्याला एवढं दिसलं नाही? दिसलं की सगळं. पण आमच्या धंद्याने माझी नजरच वेगळी करून ठेवली होती. पर्वत पाटिया भागात आमचं खातं; लूमच्या कारखान्याला इकडे खातंच म्हणतात. आत लूम खडखडायला लागल्या की तोंडाने बोलून काही उपयोग नाही. तिथे हाताने बोलायचं आणि समोरच्याचे ओठ वाचायचे. लग्नानंतर तू डबा घेऊन यायचीस तेव्हा मीच तुला त्या खुणा शिकवल्या. चिमूट फिरवली की धागा तुटला. दोन बोटं मिशीवर, शेठ आला. पाचही बोटं जुळवून तोंडाशी, जेवलात का? तू माझ्यापेक्षा चलाख निघालीस. पुढे माझे कान गेले तसे आपण घरातही तसेच बोलायला लागलो. भांडणंसुद्धा हाताने! शेजारणीला वाटायचं, काय शांत जोडपं आहे.

म्हणून गेल्या काही महिन्यांत संध्याकाळ झाली की तू तोंड मिटून नुसती हातांनीच बोलायला लागलीस, तेव्हा मला काही वाटलंच नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, बाईसाहेब माझ्यासाठी किती करतात! तुझी जीभ थकत होती गं. आवाज नाकात जात होता, आणि माझ्यासारख्या बहिऱ्याच्या घरात तो लपवायला तुला काहीच कष्ट पडले नाहीत.

कळण्याची भाकरी तू सोडलीस. आधी दुधात कुस्करून, मग नुसतं वरण, मग रोज नाक्यावरचा वाफवलेल्या डाळीचा मऊ लोचो, वर शेव नको म्हणून सांगायचीस. मी चिडवलं, "पक्की सुरती झालीस." तू हसलीस, पण हसू पुरतं उमटलं नाही, ओठाचा एकच कोपरा हलला. हनुवटीखाली हात देऊन टीव्ही बघायचीस आणि मी विचारायचो, एवढा कसला विचार करतेस? विचार कसला, मान धरून बसायचीस.

ओळखलं ते एकट्या पूनमने. चलथाणला दिलेली पोर, रोज संध्याकाळी भाजी चिरता चिरता तुला फोन करायची. तिला तुझे हात दिसत नव्हते, नुसता आवाज यायचा. मग एक दिवस तिने मला व्हिडिओ कॉल केला, मला ओठ दिसावेत म्हणून तोंड अगदी कॅमेऱ्यापाशी आणून म्हणाली, "पप्पा, मम्मी संध्याकाळी नाकातून बोलते. डॉक्टरांना सांगा." मी म्हटलं, "तुमच्या तिकडे नेटवर्क नसेल." चिडली की ती गुजरातीवर जाते. "पप्पा, सांभळो तो खरा!" ऐका तरी! कोणाला सांगत होती बिचारी, तर मला.

दुसऱ्या दिवसापासून तू तिला सकाळी फोन करायला लागलीस. नाश्ता झाला की लगेच, आवाज ताजा असताना. मी पाहिलं ते. मला कळलंही. आणि मी काही बोललो नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, पूनमलासुद्धा नाही.

आपलं भांडण अर्धंच राहिलं बघ. मी अगदीच विचारलं नव्हतं असं नाही. "दोनची गोळी एक वाजताच घेतलीस का?" असं एकदा विचारलं. "माले काय धाड भरनी?" म्हणालीस. मी म्हटलं, थांब, बाईंना फोन लावतो. तर कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिलीस आणि एकेक अक्षर मला दिसेल असं म्हणालीस, "तुम्ही कानले मशीन लावा, मंग मी डॉक्टरले बठ्ठं सांगसू." मी मशीन लावलं तर तू सगळं सांगणार. किती सोपं मागितलं होतंस! आणि मी काय म्हणालो? म्हातारा नाही झालो अजून. खरं सांगू, लाज वाटायची. खात्यातले लोक हसतील, मास्तर बहिरा झाला म्हणतील. जसं काही त्यांना माहीतच नव्हतं. एवढ्याशा बटणाची लाज मला तुझ्यापेक्षा मोठी वाटली. थू माझ्या जिंदगीवर!

मग ती संध्याकाळ. दोन दिवस तुला सर्दी होती. पूनमने मला मेसेज टाकला होता, आज संध्याकाळी मम्मीला एका दमात आकडे म्हणायला लावा आणि व्हिडिओ पाठवा. मी कामावरून आलो तेव्हा सात वाजले होते. तू भिंतीला टेकून बसलेली, हनुवटीखाली हात. मी फोन धरला आणि म्हटलं, चल, होऊन जाऊ दे. तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस, श्वास घेतलास आणि सुरू केलंस. तुझे ओठ मला स्वच्छ दिसत होते. दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस! माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. व्हिडिओ पाठवून दिला, खाली लिहिलं, "बघ तुझी आई." आणि खाली जाऊन लोचो आणला, बटर जास्त घालून. तू दोन चमचे खाल्लेस आणि हाताने खूण केलीस, पोट भरलं.

पूनमने तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला आणि चलथाणहून तशीच रिक्षा करून निघाली. मी दारातच म्हटलं, "पाहिलंस ना, तीस!" तिने फोन माझ्यासमोर धरला आणि ओठ मोठे करून म्हणाली, "पप्पा, अकरा. अकरावर आवाज बंद झालाय. पुढे नुसते ओठ हलताहेत."

ज्या डोळ्यांवर मी आयुष्यभर माज केला, त्यांनाच फसवलंस तू. दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला असं फसवताच आलं नसतं. कान असलेला कोणीही माणूस बाराव्या आकड्याला उठून तुला दवाखान्यात घेऊन गेला असता.

तू तिथेच उभी होतीस, चुलीपाशी, खाली बघत. सकाळ होती, म्हणून उभी तरी होतीस. मी तुझ्यावर ओरडलो. लेकीच्या देखत, घसा फाटेस्तोवर. काय ओरडलो ते मला ऐकू आलं नाही, तुला सगळं आलं असेल. घरातलं ते आपलं शेवटचं बोलणं.

दुपारी दवाखान्यात पोचेपर्यंत प्यायलेलं पाणी नाकातून येत होतं. मग नळी, मग तेच मशीन. त्यांनी मला विचारलं, मी सही केली. तुझी शपथ मोडली गं मी. उपचार बदलले, रत्ना. जे कितीतरी आधी सावकाश बदलता आले असते ते एका दिवसात सगळे बदलले. नवीन सलाईन, नवीन इंजेक्शनं, रक्त बाहेर काढून गाळून परत आत. डॉक्टरबाई स्वतः आल्या. गोळ्या किती घेत होत्या, विचारलं. मी म्हटलं, पाच. पूनमला तुझ्या स्टोनच्या डब्यात मोकळी पाकिटं सापडली होती. तिने हळूच सांगितलं, आठ, कधी नऊ. बाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. "नेहमी सकाळीच यायच्या ना," एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसत राहिल्या.

आणि मला हे कळायला नको होतं? बहिरा झालो तरी आजही लूमच्या चौकटीवर तळहात ठेवून सांगतो, कुठला भाग जाणार आहे. लूम सारखं तेल मागायला लागली तर तेल वाढवत बसायचं नसतं, बंद करून उघडून बघायची असते, हेही मीच शिकवत आलो. मग तुझ्या पाठीवर हात ठेवून मला का नाही कळलं? की कळलं होतं, आणि चालतंय ना, चालू दे, म्हणून मी हात काढून घेतला? अकरा दिवस याच्याच भोवती फिरतोय. बाहेर पडायला दार सापडत नाही.

तोंडात नळी होती तेव्हा तुला ओठ हलवता येत नव्हते. म्हणजे खोटं बोलायची सोयच राहिली नव्हती. चौथ्या दिवशी नर्सने मला आत बोलावलं. म्हणाली, काका, त्या बोटं हलवताहेत, काय म्हणतात ते आम्हाला समजत नाही. तुला पाच बोटं जुळवायची होती, दोनच जुळली. हात तोंडाशी न्यायचा होता, तो छातीवरच राहिला. पण मला कळलं. जेवलात का? तिकडे नळ्यांमध्ये जखडून पडलीयस, आणि विचारतेस काय, तर जेवलात का! मी पोटावरून हात फिरवला, भरपेट म्हणून. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं. तुला काळजी नको म्हणून खोटी खूण केली, जशी तू माझ्यासाठी करत होतीस. मग छातीत संसर्ग झाला आणि नवव्या दिवशी तू गेलीस.

रागावलोय मी तुझ्यावर, सांगून ठेवतो. उद्या पानावर काय वाढायचं ते पूनम विचारत होती, तर मी म्हटलं, लोचो सोडून काहीही. पण काल मशीन लावल्यापासून एक गोष्ट ध्यानात आली आणि राग कुठे ठेवावा तेच कळेना. दारावर येणारे लोक माझ्याशी बोलतात ते पाठीमागून, बाजूने, तोंडावर हात ठेवून, तंबाखू चघळत. जगात एकटी तूच होतीस, जी माझ्याशी बोलताना आधी समोर यायचीस आणि तोंड उजेडाकडे करायचीस. रागात असलीस तरी. मागून कधी हाक मारली नाहीस, येऊन खांद्याला हात लावायचीस. मला बहिरेपण जाणवूच दिलं नाहीस. म्हणूनच तर मला मशीनची गरज वाटली नाही. आता याचे तुझे आभार मानू की याबद्दल तुझ्याशी भांडू?

बरं, पुरे झालं. दुपारचे चार वाजलेत, पूनम आत पीठ मळतेय, दारावर कोणी नाही. फोन सरळ करतो.

लावला.

रत्ना, हा तुझा आवाज? माझ्या डोक्यात अजून लग्नातला होता, घास घ्या हो म्हणून दामटणारा. हा दुसराच. जाड, नाकातला, खूप दमलेला. एक. दोन. तीन. सातपासून आकडे एकमेकांना चिकटायला लागतात. नऊ. दहा. अकरा अर्धाच. मग नुसता पंखा. आपला पंखा कुरकुरतोय आणि तुझे ओठ हलताहेत, अगदी नीट, एकेक करून, मला दिसतील असे. बारा, तेरा, चौदा. तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीस, माझ्याकडे बघतेयस, मला पटतंय की नाही ते. पंखा कुरकुरतोय. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

आणि मग फोनमधून एवढ्या मोठ्याने आवाज आला की मी दचकून दोन्ही कान धरले. माझाच आवाज.

"शाबास, रत्ना! शाबास!"